नळीच्या तोंडाशी

रामोशी गेटच्या अलीकडे, बंद पडलेल्या गिरणीसमोर
माझी पीयूसीची व्हॅन उभी असते.
दिवसभर मी नळीच्या तोंडात नळी घालते
आणि पडद्यावरचा आकडा स्थिरावायची वाट बघते.
लोक म्हणतात, ताई, जरा लवकर.
आकडा कुणाचं ऐकत नाही.

गाडी नापास झाली की मी समोर बोट दाखवते:
इलाही शिकलगार, सायलेन्सरवाले.
दारावर पत्र्याची पाटी, स्वतः रंगवलेली,
"मालकांना डाव्या कानाने ऐकू येत नाही.
उधारीचं त्याच कानात सांगावं."

चाळीस वर्षं पत्रा ठोकण्यात गेला तो कान.
उजवाही आता अर्धाच उरलाय.
म्हणून चाचा गळती हाताने ऐकतात.
गाडी चालू ठेवायची,
ओल्या फडक्याचा बोळा मागच्या तोंडावर दाबायचा.
इंजिन गुदमरून बंद पडलं तर नळी धड.
नाही पडलं,
तर ती दुसरीकडून कुठून तरी श्वास घेतेय.
मग मोकळा तळहात नळीला न टेकता
सावकाश पुढे सरकतो,
गाभण म्हशीच्या पोटाशी थांबावा तसा थांबतो.
"इथं."
आणि खडूची फुली.

गेल्या मंगळवारी बुलेट आली.
आधी तिचा आवाज आला, बऱ्याच वेळाने ती.
गिरणीच्या पत्र्यावरची कबुतरं उठली,
माझ्या चहावर साय थरथरली.
वर उरुळीचा शार्दूल कांचन,
मागे सुतळीने आवळलेलं गोणपाट.
नळी अजून मोकळी करून मागणार, मला वाटलं.
अशांना चाचा डावा कान देतात.

गोणपाटातून निघाला कंपनीचा मूळचा सायलेन्सर,
चार वर्षं माळ्यावर पडलेला,
क्रोमवर देवी उठाव्यात तसा गंज.
पोरगा उजव्या कानाशी वाकला.
"हा परत बसवा."
"का रे? पोलिसांनी धरलं?"
"मुलगी झाली, चाचा.
रोज रात्री कोपऱ्यावरच गाडी बंद करून
घरापर्यंत ढकलत नेतो.
एकशे नव्वद किलो."

चाचा हसले नाहीत.
बॅटरी लावून नळीत बघत राहिले.
आत मातीचं बूच. कुंभारणीचं घर.
लाकडी हातोडीने हळू टकटक केलं,
ढेकूळ अलगद हातावर घेतलं,
एकेक भोक उजेडाला धरून तपासलं.
"रिकामं आहे. उडाली पिल्लं.
आता पेटवायला हरकत नाही."

मग भट्टी.
मग आपटून आपटून काढलेली काजळी,
आधी मूठभर, मग घमेलंभर.
"हे तेवढं तिच्या डोळ्यांत घालू नकोस,"
म्हणाले, तोंड तसंच ठेवून.
टाकणखार, पितळी सळई, हिरवट ज्योत,
गंजाने खाल्लेल्या जागी बोटभर ठिगळ,
तांब्याची नवी चकती.
बेंडचा जाम झालेला नट डिझेल पाजूनही हलेना,
त्याच्यासाठी एक शिवी, उर्दूही नाही आणि मराठीही नाही.

शेवटी फडक्याचा बोळा.
इंजिन दोनदा हुंदकलं आणि जागीच बंद.

माझ्याकडे आली तेव्हा आकडा
एक पूर्णांक नऊवर थांबला. मी पावती फाडली.
दोनशे रुपये कमी पडत होते त्याला.
ते त्याने कुठल्या कानात सांगितलं, मी पाहिलं.
चाचा म्हणाले, "काय?"
आणि पाना पुसायला लागले.

मी पावतीपुस्तक मिटून वर बघते, तर रस्ता रिकामा.
कबुतरं जागची हलली नव्हती.
"चालू झाली का त्याची गाडी?" चाचांनी विचारलं.
रस्ता ओलांडून त्यांच्या उजव्या कानाशी ओरडले,
"गेलासुद्धा!"

काढलेली ती मोकळी नळी
त्यांनी छपराच्या कडेला तारेने बांधली आहे.
पन्हळ म्हणून, म्हणतात.
वाऱ्याचा झोत आला की ती अजून थोडी बोलते.
मला ऐकू येतं.